बांधीतलं वुडस्टॉक

२०१० साली पुण्यात ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ नावाचा संगीत महोत्सव सुरू झाला, तेव्हा मला पहिल्यांदा राग आला. सात नंबरचा राष्ट्रीय महामार्ग वाराणसीहून निघून कन्याकुमारीला जायचा आणि वाटेत त्याला लागायचं नागपूर. पुण्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. आमचा सहा नंबरचा भंडारा, लाखनी, साकोली करत कलकत्त्याकडे जायचा आणि नागपुरात या साताला आडवा भेटायचा. म्हणजे सातावर हक्क कोणाचा असेल तर तो आमचा. विदर्भाच्या अनुशेषावर जेवढी भाषणं लहानपणापासून कानावर पडली होती ती सगळी मला त्या दिवशी एकदम पटली. कापूस गेला, वीज गेली, आता रस्त्याचा नंबरही पुण्याला गेला. पण दाद मागायची सोयच राहिली नाही, कारण त्याच सुमारास सरकारने महामार्गांचे नंबर बदलून टाकले. आमच्या सहाचा त्रेपन्न झाला, नागपुरातल्या साताचा चव्वेचाळीस. शेवटी मी मुकाट तिकीट काढलं.

भंडारा रोड हे स्टेशन भंडाऱ्यात नाही, वरठीला आहे. तिथून सकाळी गोंदिया-कोल्हापूर महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसलं की दुसऱ्या दिवशी पुणं येतं, आणि मधल्या वेळात माणूस आपल्या आवडीनिवडींचा फेरविचार करू शकतो. मी केला नाही. निघताना आजी छपरीत तांदूळ पाखडत बसली होती.

“कोठं चाल्ला गा?”

“गाणं ऐकायला. पुण्याला.”

“कोनाचं?”

“भयानक मौत.”

आजीनं सूप खाली ठेवलं. “कोनाची?”

हे २००३ पासून वाजवणाऱ्या मुंबईच्या एका मेटल बँडचं नाव आहे, त्यात कोणी मरत नाही, उलट पोरं फार गुणी आहेत, हे मी समजावेपर्यंत तिनं नागपूरच्या आत्याला फोन लावायला सांगितलं होतं. आत्या संध्याकाळपर्यंत घरी पोचली. मी तेव्हा भुसावळच्या आसपास होतो.

पुण्यात मी काय ऐकलं ते सांगण्यात अर्थ नाही, कारण जे ऐकलं त्याबद्दल नंतर कितीतरी वर्षं मी इतकं बोललो की माझ्या बोलण्याला कंटाळून ओळखीच्या दोन घरांत माझ्यासाठी चहा करणं बंद झालं. एवढंच सांगतो की परत आलो तेव्हा मनगटावर महोत्सवाची कापडी पट्टी होती आणि ती मी काढायला तयार नव्हतो. आंघोळ, जेवण, धानाची रोवणी, सगळं तिच्यासकट. आजीला तो कुठल्यातरी बाबाचा गंडा वाटला आणि तिनं गुण येतोय का म्हणून माझ्याकडे बारीक लक्ष ठेवलं. गुण आला नाही. पट्टी कुजून आपोआप पडली.

तिथं भेटलेल्या रसिकांकडून मी एक गोष्ट शिकलो. स्वतंत्र बँडवर प्रेम करणाऱ्याला खरी भीती असते ती तो बँड दुसऱ्यालाही आवडेल याची. पंधरा माणसांत बसून ऐकलेली पोरं पुढच्या हंगामात हजारांसमोर वाजवायला लागली की हे रसिक आजारी दिसू लागतात, ‘पूर्वी बरे होते’ असं म्हणतात आणि नव्या, अजून कोणी न ऐकलेल्या बँडच्या शोधात निघतात. या दृष्टीनं भंडारा जिल्हा म्हणजे माझ्यासाठी अभयारण्य होतं. तुमसरपासून लाखांदुरापर्यंत मला आवडणारा कोणताही बँड कोणालाही आवडण्याचा धोका नव्हता. मी ‘थर्मल अँड अ क्वार्टर’ ऐकत बसमध्ये बसलो की शेजारचा माणूस जागा बदलून घ्यायचा. एवढं निर्भेळ सुख बंगळुरूच्या रसिकाला, ज्याच्या गावातच १९९६ मध्ये तो बँड निघाला, कुठून मिळणार?

असं सगळं छान चाललेलं असताना मला धर्मप्रसाराची बुद्धी झाली.

झालं असं की नागपुरात एका कॅफेत मी चार पोरांचा बँड ऐकला. इंजिनीअरिंगची पोरं. श्रोत्यांत त्यांचे मित्र, कॅफेचा मालक, एक वाट चुकलेलं जोडपं आणि मी. बँडचं नाव सांगत नाही, कारण ते दर दोन महिन्यांनी बदलायचे आणि चालू नाव कोणतं ते त्यांनाही एकमेकांना विचारावं लागायचं. गाणी स्वतःची, हिंदीत, सगळी एकटेपणाबद्दल. ड्रमर साकोली तालुक्यातला निघाला. आमच्या तालुक्याच्या शेजारचा पोट्टा! त्या रात्रीपासून तो बँड माझा झाला. मी त्यांच्या वायरी गुंडाळू लागलो, ड्रमच्या पेट्या उचलू लागलो आणि ओळख करून देताना ‘आम्ही’ म्हणू लागलो. त्यांनीही हरकत घेतली नाही, कारण त्या पेट्या फार जड होत्या.

आणि मग दिवाळी आली, म्हणजे आमच्याकडे मंडईचे दिवस आले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर हा जो झाडीचा मुलूख आहे, तिथं दिवाळी झाली, धान कापून झालं, की गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार, खडी गंमत, आकाशपाळणे, जिलेबी. लेकी-जावई आणि पाहुणे इतके येतात की घरच्या माणसाला झोपायला शेजारी जावं लागतं. आणि रात्री नाटक. हे नाटक दहा-साडेदहाला सुरू होतं आणि पहाटे कोंबड्याच्या बरोबर संपतं. कंपन्या बहुतेक वडसा देसाईगंजच्या. गावचं मंडळ ठरलेली रक्कम देऊन प्रयोग घेतं, कापलेल्या बांधीत मंडप टाकतं, चहूबाजूंनी तट्टे बांधतं आणि तिकीट लावतं; खुर्ची महाग, जमीन स्वस्त. रंगमंचापुढे ऑर्गन, तबला आणि ऑक्टोपॅडवाले बसतात, नट स्वतः गातो, गाणं आवडलं तर लोक ‘वन्स मोअर’ ओरडतात आणि ते परत होतं. होळीपर्यंत हा सिझन चालतो. एक गाव झालं की दुसऱ्या दिवशी दुसरं. याच रंगभूमीवर शेकडो भूमिका करणारे गडचिरोली जिल्ह्यातले परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. आमच्या भागात नाटक न पाहिलेलं माणूस दाखवायचं झालं तर लोक माझ्याकडे बोट दाखवत. मी त्या रात्री कानात हेडफोन घालून झोपायचो. जिवंत संगीताची आवड असल्यामुळे.

नाटकाच्या आधी अर्धा तास आपला बँड वाजवायचा, अशी कल्पना मी मंडळापुढे मांडली. बैठक मोठेबाबांच्या छपरीत होती. मी थेट वुडस्टॉकपासून सुरुवात केली. १९६९ चा ऑगस्ट. न्यूयॉर्क राज्यातलं बेथेल गाव. मॅक्स यास्गर नावाच्या दूधवाल्या शेतकऱ्यानं आपलं शेत दिलं आणि तिथं चार लाखांवर माणूस लोटला. पाऊस, चिखल, तीन दिवस गाणं!

‘शेतकरी’ म्हटल्यावर बैठक सावरून बसली.

“शेतात होतं काय?” एकानं विचारलं.

“लसूणघास.”

“चार लाख मानूस त्याच्यावर नाचला? मंग त्याच्या म्हशी काय खाल्ल्या?”

म्हशी नव्हत्या, गायी होत्या, एवढंच मला सांगता आलं. मग तिकिटाची पेटी सांभाळणाऱ्या काकांनी घसा साफ केला. “कलेक्शन किती झालं?”

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण खरा रसिक माहिती लपवत नाही. मी सांगितलं की कुंपण वेळेत उभं झालं नाही, तिकीटखिडक्या लागल्याच नाहीत, लोक आधीच आत येऊन बसले, शेवटी कार्यक्रम फुकट जाहीर करावा लागला. आयोजकांवर दहा लाख डॉलरहून जास्त कर्ज झालं आणि पुढे त्यावर सिनेमा निघाला तेव्हा कुठे ते फिटू लागलं.

छपरीत शांतता पसरली. ती आदराची आहे असं मला वाटलं.

“म्हंजे तट्टे नाई बांधले,” काका म्हणाले.

“नाही.”

“चार लाख लोक, अना तट्टे नाई बांधले.” त्यांनी उठून अंगणात पानाची पिंक टाकली आणि परत येऊन बसले. जगाच्या संगीताच्या इतिहासावर याहून कडक टीका मी ऐकलेली नाही. आजही आमच्या गावात मंडपवाला उशीर करायला लागला की कोणीतरी ओरडतं, “काहून गा, वुडस्टॉक करतं का?”

तरी अर्धा तास मिळाला. त्याचं श्रेय माझ्या वक्तृत्वाला नाही. पाहुणे जेवून येईपर्यंत जमिनीचं तिकीट काढून आधीच बसलेली पोरंबाळं रडू नयेत म्हणून काहीतरी हवंच होतं. नाटक कंपनीच्या मॅनेजरनं एकच अट घातली, ऑर्गनला हात लावायचा नाही. पोरांना पैसे द्यायचे नव्हते. येण्याजाण्याचं भाडं मी भरणार होतो, हे मंडळाच्या वहीत ठळक अक्षरात लिहिलं गेलं आणि माझी सही घेतली गेली.

नागपूरहून पोरं छोट्या हत्तीतून आली, ड्रमच्या पेट्यांवर बसून. दुपारी चारला त्यांनी साउंड-चेक सुरू केला. साउंड-चेक ही काय चीज आहे ते गावाला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ म्हटलं की काम संपतं. ही पोरं आधी नुसता मोठा ड्रम वाजवत राहिली. मग नुसता लहान. मग नुसती झांज. मग गिटारची एकच तार, पुन्हा पुन्हा. बघता बघता माणसं जमली. बायका लेकरं घेऊन बांधावर बसल्या. दोन तासांनी गायकानं “चेक, चेक, ओके” म्हटलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि “बरं होतं, पन गानं नाई म्हनलं” असं बोलत जेवायला निघून गेले. त्यांच्या लेखी कार्यक्रम झाला होता.

रात्री साडेनऊला पडद्यापुढे पोरं उभी राहिली. पडद्यावर राजवाडा रंगवलेला होता, राजवाड्यासमोर कारंजं, कारंज्यात हंस. काळे टी-शर्ट घातलेली चार पोरं त्या हंसाच्या पुढे उभी होती आणि मी माइक हातात घेतला. प्रास्ताविक दोन मिनिटांचं ठरलं होतं. पण माणसाला आयुष्यात हजारभर श्रोते किती वेळा मिळतात? मी १९८४ मध्ये गोव्याच्या शिवोलीत रेमो फर्नांडिसनं घरातच चार ट्रॅकच्या यंत्रावर एकट्यानं ‘गोअन क्रेझी’ कसा रेकॉर्ड केला आणि कॅसेटी स्कूटरवरून दुकानोदुकानी कशा पोचवल्या तिथून सुरुवात केली. मग १९८६, मुंबईचं रंगभवन, ‘इंडिपेन्डन्स रॉक’. मग ‘रॉक मशीन’ नावाचा बँड १९९३ मध्ये ‘इंडस क्रीड’ कसा झाला. श्रोत्यांना हे निवडणुकीचं भाषण वाटत होतं. मी ‘शेवटी’ म्हटलं की ते आशेनं टाळ्या वाजवत आणि मला त्यातून हुरूप येत असे. कारंज्यातल्या हंसामागून मॅनेजरचा हात आला आणि माइक घेऊन गेला.

पहिलं गाणं सुरू झालं. गिटारवाल्यानं पायाखालचा डिस्टॉर्शनचा खटका दाबला आणि जो करकरता, भरून उरणारा आवाज निघाला त्यासाठी मी आयुष्य वेचायला तयार असतो. साउंडवाला मात्र प्रामाणिक कारागीर होता. आवाज फाटला म्हणजे स्पीकर फाटला, एवढं त्याला पक्कं ठाऊक, आणि स्पीकर त्याचे स्वतःचे, हप्त्यावर घेतलेले. त्यानं झटकन बटण खाली ओढलं. गिटारवाल्यानं खटका सोडला तर आवाज स्वच्छ आला, म्हणून साउंडवाल्यानं बटण वर केलं. गिटारवाल्यानं पुन्हा खटका दाबला. सबंध गाणं या दोघांच्या झटापटीत गेलं आणि जिंकला साउंडवाला. मी धावत जाऊन सांगितलं, “भाऊ, तो आवाज असाच असतो. मुद्दाम फाडलेला.” त्यानं माझ्याकडे कीव येऊन पाहिलं. “कोनाचं तरी समान फाडून गानं म्हनाचं काय काम हाये जी?”

दुसरं गाणं एकटेपणाचं. शहरातली खोली, रात्र, भिंतीवरची पाल, कोणी नाही. गायक डोळे मिटून कळवळून गात होता. नागपूरच्या कॅफेत या गाण्यावर वाट चुकलेलं जोडपंदेखील गप्प झालं होतं. इथं गाणं संपल्याबरोबर जमिनीच्या तिकिटातून एक म्हातारी उठून पुढे आली आणि तिनं मला विचारलं, “त्या पोराले घरी कोनी नाई का?” सगळे आहेत म्हटलं. वडील बँकेत आहेत. “मंग जेवला नसंन,” असा निष्कर्ष काढून तिनं नातवाला घरी पिटाळलं. तिसरं गाणं चालू असताना रंगमंचावर पानाच्या द्रोणात वडा-भात आला. गायक भिडस्त होता. तो पुढचं कडवं जेवून म्हणाला.

मग माइकवरून घोषणा झाली, एका सद्गृहस्थांकडून एकावन्न रुपयांचं बक्षीस, ‘गाणं झाल्याबद्दल’. माझ्या मते हे वाक्य लिहून देणारा ‘चांगलं’ हा शब्द विसरला असावा.

आता उरला ड्रम. वीज कमी-जास्त व्हायला लागली, जनरेटर सुरू होईपर्यंत गिटार बंद, माइक बंद, आणि अंधारात साकोली तालुक्याचा पोट्टा नुसता ड्रम वाजवत राहिला. ड्रमला वीज लागत नाही. तेवढ्यात मागून, तट्ट्याला टेकून बसलेल्या खडी गंमतवाल्यांपैकी एकानं ढोलकी ओढली आणि उत्तर दिलं. पोट्ट्यानं प्रश्न टाकला, ढोलकीनं परतवला. ढोलकीनं एक तुकडा असा टाकला की ड्रमरची काठीच हवेत थांबली. मग त्यानं तोच तुकडा मोठ्या ड्रमवर पायानं काढून दाखवला आणि मंडपात जे काही झालं ते मी पुण्यातही पाहिलं नव्हतं. जेवून आलेले पाहुणे, खुर्चीवाले, जमीनवाले, तट्ट्यांच्या फटींतून फुकट बघणारे, सगळे उभे. ‘वन्स मोअर’, पुन्हा ‘वन्स मोअर’. बक्षिसांच्या चिठ्ठ्या येऊ लागल्या. कारंज्यापुढे गायक आणि गिटारवाले द्रोण हातात धरून उभे. आणि मी? माझ्या पोटात बारीक कळ उठली. अहो, हा ड्रमर मी शोधला होता! कॅफेत, सगळ्यांच्या आधी! आता हजार माणसांना तो आवडत होता, म्हशीचा प्रश्न विचारणाऱ्यालासुद्धा.

नाटक त्यानंतर सुरू झालं ते पहाटेपर्यंत. थंडीनं धसकटांवर दव पडलं होतं. गायक दुसऱ्या अंकात झोपला. गिटारवाला आईच्या प्रवेशाला रडला आणि मला म्हणाला की धूर गेला डोळ्यात.

उजाडल्यावर मॅनेजरनं ड्रमरला बाजूला घेतलं. ऑक्टोपॅड वाजवता येतो का? येतो. होळीपर्यंत मोकळा आहेस का? कॉलेज आहे, पण मोकळा आहे. नाइट किती मिळेल ते सांगून त्यानं पोराच्या हातात आगाऊ रक्कम ठेवली. नागपूरच्या कॅफेत वाजवायला हाच पोरगा पेट्रोल स्वतःचं टाकून जायचा.

मी त्याला पुष्कळ समजावलं. स्वातंत्र्य, स्वतःचं संगीत, बाजारापुढे न झुकणं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “दादा, कंपनी सोताच्या पैशानं चालते. दरसाल नवं नाटक, नवीन गानी. सोताची गाडी. तिकीट विकलं तं जेवन. तुमी जे सांगता ते हेच हाये ना?”

“पण त्यांचे टी-शर्ट नसतात,” मी म्हणालो. त्या घडीला मला दुसरं काही सुचलं नाही.

बँड अर्थातच मोडला. गायक आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि म्हणतात की वेळेवर जेवतो. मंडळानं हिशेब वाचून दाखवला तेव्हा ‘रॉक’ या सदरात जमा बक्षिसं आणि खर्च निरंक होता, कारण खर्च माझा होता. बक्षिसांची रक्कम देवळाच्या रंगाला गेली. मोठेबाबा म्हणाले, पुढच्या साली अजून आन तसा एखादा.

पुढच्या सिझनला भोंग्याची जीप आमच्या गावातून ओरडत गेली, त्यात नटनट्यांच्या नावांनंतर ‘नागपूरचे सुप्रसिद्ध ऑक्टोपॅडवादक’ म्हणून त्याचं नाव होतं. साकोलीचा मुलगा नागपूरचा झाला होता. शेजारच्या गावात प्रयोग होता. मी त्याला फोन करून पास मागितला. मॅनेजर पास देत नाही म्हणाला, आणि तट्टे पक्के बांधले आहेत हेही सांगितलं. खुर्चीचं तिकीट काढून मी पुढे जाऊन बसलो. तो मफलर गुंडाळून बसला होता आणि मान्य करायला हवं, वाजवत बरा होता. तिसऱ्या अंकात घरातून हाकललेली म्हातारी आई मुलाच्या दारात येते. ऑर्गन थांबतो. तो फक्त एक बारीक ठोका लावतो आणि सगळा मंडप पदर डोळ्याला लावतो. मी शेजारच्याला कोपर मारलं. म्हटलं, याला मी ओळखतो. पूर्वी याच्या हातात फार ताकद होती, आता कमर्शियल झालाय, तुम्ही याला नागपूरला कॅफेत ऐकायला हवं होतं, तेव्हा याला कोणी ओळखत नव्हतं…

पुढच्या रांगेतली बाई मागे वळली. “भाऊ, तुमचं झालं असंन तं आमाले रडू द्या जी.”